इंजिन घरीच रंगवायचंय? रंग तासाभराचा, तयारी तीन दिवसांची

इंदूर : धुळे-शिरपूरहून सेंधव्यामार्गे इंदूरकडे निघालं, की महूजवळ डाव्या हाताला पिथमपूर औद्योगिक वसाहतीकडे जाणारे रस्ते फुटतात. एकेकाळी कायनेटिक होंडा स्कूटर इथंच तयार व्हायची. २००८ मध्ये कायनेटिकचा दुचाकी व्यवसाय महिंद्राकडे गेला. पुढे १५ नोव्हेंबर २०१८ रोजी नव्यानं बाजारात आलेली जावाही याच पिथमपुरात बनू लागली.

मूळची जावा-येझदी मात्र म्हैसूरची. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. यामाहा आरएक्स १०० चं उत्पादनही त्याच वर्षी थांबलं. तरी या गाड्या संपलेल्या नाहीत. इंदूरच्या रामबागेपासून जळगाव-नंदुरबारच्या गल्ल्यांपर्यंत किती तरी घरांच्या ओट्यावर वडिलांची किंवा काकांची जुनी गाडी उभी असते. टाकीला पॉलिश असतं, सीटचं कव्हर नवं असतं, पण इंजिनाकडे बघवत नाही. तेल आणि धूळ मिळून झालेलं काळं कीटण, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी, मधूनच जुन्या रंगाचे पोपडे.

मग कुणी तरी दुकानातून चंदेरी किंवा काळ्या रंगाचा स्प्रे कॅन आणतं आणि रविवारी दुपारी इंजिनावर मारतं. संध्याकाळी गाडी शोरूममधून आल्यासारखी दिसते. दोन महिन्यांत हेडच्या आजूबाजूला फोड येतात, पंखांवरचा रंग पापुद्र्यानं निघतो आणि गाडी आधीपेक्षा वाईट दिसू लागते.

दोष बहुतेक वेळा रंगाचा नसतो. रंगाखाली काय राहिलं, याचा असतो. काही चुका तर नुसत्या दिसण्यापुरत्या राहत नाहीत. चुकीच्या रसायनानं केसिंग कायमचं खराब होतं, साफसफाईची वाळू इंजिनात गेली तर बेअरिंग जातात आणि ग्राइंडर फिरवताना इंजिन नंबर पुसला गेला तर कागदपत्रांचा प्रश्न उभा राहतो. ज्या गाडीचे सुटे भाग बनणं थांबलं आहे, तिच्या बाबतीत ही नुकसानी भरून येत नाही. म्हणून हे काम घरी करायचं असेल, तर ते कोणत्या क्रमानं आणि का करायचं, हे आधी समजून घेतलेलं बरं.

इंजिनावरचा रंग टिकत का नाही?

टाकीचा किंवा मडगार्डचा पत्रा आणि इंजिन यांच्यात तीन मोठे फरक आहेत.

पहिला फरक उष्णतेचा. पत्रा उन्हानं तापतो तेवढाच. एअर-कूल्ड इंजिनाचं हेड मात्र चालत्या गाडीत दीडशे अंश सेल्सिअस आणि त्याच्याही वर जातं. सायलेन्सरचा बेंड पाइप त्याहून कितीतरी जास्त तापतो. साधा ऑइल पेंट किंवा नेहमीचा ॲक्रिलिक स्प्रे या उष्णतेत पिवळा पडतो, मऊ होतो, शेवटी करपतो.

दुसरा फरक धातूचा. आजच्या बहुतेक इंजिनांचं केसिंग, सिलिंडर आणि हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं. ॲल्युमिनियमला हवा लागली, की काही क्षणांत त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो. हा थर धातूचं रक्षण करतो, पण गुळगुळीत ॲल्युमिनियमवर रंगाला धरायला काहीच मिळत नाही. जुन्या बुलेटसारख्या गाड्यांत सिलिंडर बीडाचं, म्हणजे कास्ट आयर्नचं असे आणि केसिंग ॲल्युमिनियमचं. म्हणजे एकाच इंजिनावर दोन धातू. एक गंजतो, दुसऱ्यावर पांढरी भुकटी येते. दोघांची तयारी सारखी होत नाही.

तिसरा फरक तेलाचा. ओतीव धातूत बारीक छिद्रं असतात आणि वर्षानुवर्षं तेल त्यांत मुरलेलं असतं. वरून पुसलेलं इंजिन स्वच्छ दिसतं. गाडी तापली, की आतलं तेल घामासारखं बाहेर येतं आणि रंगाला खालून उचलतं.

पिथमपूर असो की आणखी कुठला कारखाना, रंगाआधी धातू धुणं, त्याला रंग धरण्याजोगा करणं आणि नंतर रंग भाजून पक्का करणं, हा क्रम चुकत नाही. तिथं टाक्या आणि भट्ट्या असतात, घरी प्लास्टिकचा टब आणि दाताचा जुना ब्रश. क्रम मात्र तोच ठेवावा लागतो.

आधी गळती बघा

कीटण काढण्याआधी ते कुठं जास्त साचलंय, याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. जिथं ओलसर काळा थर आहे, तिथं गॅस्केट किंवा ऑइल सील गळत असण्याची शक्यता असते. गळती तशीच ठेवून रंग मारला, तर त्या जागेपासूनच तो सुटायला लागतो. म्हणून मिस्त्रीकडून गॅस्केट, सील बदलून घेणं हे रंगकामाचं पहिलं पाऊल आहे. केसिंगला तडा असेल किंवा बोल्टचे आटे गेले असतील, तर तेही आत्ताच करून घ्यावं. रंग झाल्यावर वेल्डिंग केलं, तर सगळी मेहनत वाया.

इंजिन फ्रेममधून उतरवून रंगवलं तर काम उत्तम होतं, कारण मागची बाजू आणि तळही हाताशी येतो. पण प्रत्येकाला ते जमेल असं नाही. गाडीवरच रंगवायचं असेल तर निदान पेट्रोलची टाकी, सायलेन्सर आणि कार्ब्युरेटर उतरवावेत, बॅटरीची वायर सोडवावी. पेट्रोलची टाकी जागेवर ठेवून तिच्याखाली स्प्रे मारणं हा धोका घेऊच नये.

धुणं : सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं

धुण्याआधी पाणी आत जाईल अशी सगळी भोकं बंद करायची. स्पार्क प्लगच्या जागी जुना प्लग बसवून ठेवायचा. इनलेट आणि एक्झॉस्टच्या तोंडात स्वच्छ फडक्याचे बोळे घालायचे. बोळ्याचं एक टोक बाहेर लोंबतं ठेवायचं आणि किती बोळे घातले ते कागदावर लिहून ठेवायचं. आत विसरलेला बोळा गाडी सुरू करताना इंजिनात ओढला जाऊ शकतो. ऑइलचा ब्रीदर पाइप आणि वायरिंगचे कनेक्टर प्लास्टिकची पिशवी आणि टेपनं बांधून घ्यायचे.

जाड कीटण आधी लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडावं. मग डिझेल किंवा रॉकेल आणि ब्रश. पंखांच्या मधल्या फटीत बाटली धुण्याचा ब्रश चांगला जातो. गॅरेजमध्ये सर्रास पेट्रोलनं धुतात, म्हणून घरीही तेच केलं जातं. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या गॅसच्या शेगडीपर्यंत किंवा देवघरातल्या समईपर्यंत पोहोचू शकते. घरच्या ओट्यावर पेट्रोल नकोच.

डिझेलनं कीटण निघतं, पण डिझेलचाही तेलकट थर मागं राहतो. म्हणून त्यानंतर भांडी घासायचं लिक्विड आणि कोमट पाणी, दोनदा किंवा तीनदा. हे सगळं इंजिन थंड असताना. तापलेल्या बीडाच्या सिलिंडरवर गार पाणी ओतलं तर त्याला तडा जाण्याची भीती असते.

इथं एक मोठी चूक होते. पटकन साफ व्हावं म्हणून कुणी कॉस्टिक सोडा वापरतं, कुणी नळी मोकळी करायची पावडर, कुणी बाथरूमचं ॲसिड. कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियम यांचं जमत नाही. सोडा धातूच खाऊ लागतो, केसिंग काळवंडतं, खड्डे पडतात आणि या क्रियेत हायड्रोजन हा पेट घेणारा वायू बाहेर पडतो. बाथरूमचं ॲसिडही धातू खातं. डिग्रीझर विकत घेताना तो ॲल्युमिनियमला चालतो असं डब्यावर लिहिलं आहे का, ते बघूनच घ्यावा.

पाण्याची परीक्षा

इंजिन खरंच स्वच्छ झालं का, हे बघायला महागडं यंत्र लागत नाही. धुतलेल्या भागावर स्वच्छ पाणी ओतायचं. पाणी सलग पातळ थरासारखं पसरलं, तर धातू स्वच्छ आहे. कमळाच्या पानावर जमतात तसे थेंब जमले, तर तिथं अजून तेल आहे. परत लिक्विड, परत ब्रश.

पाणी पसरलं तरी एक काम उरतं. सुटा भाग असेल तर कडक उन्हात ठेवावा किंवा हेअर ड्रायरनं चांगला गरम करावा. छिद्रांत मुरलेलं तेल वर येतं. ते थिनर लावलेल्या पांढऱ्या फडक्यानं पुसावं. फडक्यावर पिवळट डाग येणं थांबेपर्यंत हे करत राहायचं. जुन्या इंजिनाला यातच अर्धा दिवस जातो. रंग टिकणार की नाही, हे जवळजवळ इथंच ठरतं.

घासायचं किती?

जुना रंग घट्ट धरून असेल तर तो मुळापासून काढण्याची गरज नाही. सुटलेला तेवढा काढून कडा सपाट कराव्यात. पोपडे असतील तिथं १८० किंवा २२० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटचा हात ३२० ते ४०० नंबरचा. त्याहून बारीक पेपरनं आरशासारखं चकचकीत करू नये. रंगाला धरायला बारीक ओरखडे लागतात. ॲल्युमिनियमवर पितळी तारेचा ब्रश वापरावा. लोखंडी तारेचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि नंतर त्यांना गंज चढतो. बीडाच्या सिलिंडरवरचा गंज काढायला मात्र लोखंडी ब्रश चालतो.

रंग काढायचं रिमूव्हर वापरायचं असेल तर मोकळ्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालूनच. ते रबरी सीलवर पडू देऊ नये.

बरेच जण इथं सँड ब्लास्टिंगचा सोपा मार्ग काढतात. वाळूच्या माऱ्यानं जुना रंग काही मिनिटांत उडतो, यात शंका नाही. पण न खोललेल्या इंजिनावर ब्लास्टिंग करून घेणं म्हणजे इंजिनाची वाट लावणं. बारीक कण कुठल्याही फटीतून आत जातात, तेलाच्या वाटांमध्ये बसतात आणि तेलाबरोबर फिरून बेअरिंग आणि पिस्टन झिजवतात. ब्लास्टिंग करायचंच असेल तर इंजिन पूर्ण खोलून, सुटं केसिंग द्यावं आणि परत आल्यावर तेलाची प्रत्येक वाट पाण्यानं आणि हवेच्या दाबानं धुऊन घ्यावी. वाळूची धूळ माणसाच्या फुप्फुसालाही घातक असते. सिलिकोसिस हा आजार त्यातूनच होतो. घरी जुगाड करून ब्लास्टिंग करू नये.

इंजिन नंबरला हात लावू नका

आरसी बुकावर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही असतात. इंजिन नंबर केसिंगवर ठोकलेला असतो आणि जुन्या गाड्यांत तो आधीच पुसट झालेला असतो. ग्राइंडरवर वायर ब्रश लावून जोरात फिरवला, की उरलेले आकडेही जातात. रंगाचे जाड हात मारले, तर आकड्यांच्या खाचा बुजतात.

हे सीमाभागातल्या लोकांना जास्त भोवतं, कारण इथं गाड्या राज्य ओलांडतात. नोकरीसाठी किंवा मुलाच्या शिक्षणासाठी एमएच १८, एमएच १९ किंवा एमएच ३९ ची गाडी इंदूरला जाते आणि तिथंच राहते. मोटार वाहन कायद्यानुसार गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली, तर तिथला नंबर घ्यावा लागतो, म्हणजे इंदूरला एमपी ०९. त्यासाठी आधीच्या आरटीओची एनओसी लागते आणि गाडी तपासली जाते. शिवाय खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर ती दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. त्या वेळीही गाडी दाखवावी लागते. नंबर वाचता आला नाही, तर गाडी खरी असूनही संशयाचं कारण होते.

म्हणून त्या जागेवर फक्त मऊ ब्रश आणि डिझेल वापरावं. स्वच्छ झाल्यावर आरसीशी ताडून बघावा, स्पष्ट फोटो काढावा आणि मग त्यावर मास्किंग टेप लावावी. सगळं झाल्यावर टेप काढून तिथं एकच पातळ हात द्यावा किंवा ती जागा तशीच ठेवावी.

कुठं रंग लागता कामा नये

मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रं आणि ॲल्युमिनियम फॉइल एवढ्यावर काम भागतं. फॉइल वाकड्यातिकड्या भागावर दाबून बसवता येतं, टेपपेक्षा लवकर होतं. पुढच्या जागा नक्की झाकायच्या :

- गॅस्केट बसतं त्या सपाट कडा. तिथं रंग राहिला तर जोड नीट बसत नाही आणि गळती सुरू होते.
- बोल्टचे आटे आणि बोल्टचं डोकं टेकतं ती जागा. डोक्याखालचा रंग पुढे दबतो आणि घट्ट केलेला बोल्ट ढिला पडतो.
- अर्थिंगची वायर जिथं इंजिनाला लागते ती जागा. रंगातून वीज जात नाही. रंगकामानंतर गाडी सुरू होत नाही, हॉर्न मंद वाजतो, अशा तक्रारींत आधी हेच बघावं.
- स्पार्क प्लगची बैठक, ब्रीदरचं भोक, ऑइल बघायची काच.
- केसिंगची आतली बाजू आणि बेअरिंगच्या जागा.

रंग कोणता घ्यायचा?

दुकानात नुसतं 'सिल्व्हर स्प्रे' मागितलं तर साधा रंग हातात पडतो. इंदूरच्या दुकानात 'भिया, हाय टेम्परेचर वाला देना' म्हणायचं आणि कॅनवरचा आकडा स्वतः वाचायचा. केसिंग, सिलिंडर आणि हेडसाठी किमान २५० अंश सेल्सिअस सोसणारा इंजिन पेंट घ्यावा. सायलेन्सरचा बेंड रंगवायचा असेल तर सुमारे ६५० अंशांचा, सिलिकॉनवर आधारलेला वेगळा रंग मिळतो. कॅनवर अंश सेल्सिअस लिहिलंय की फॅरनहाइट, हे नीट बघावं. ५०० अंश फॅरनहाइट म्हणजे फक्त २६० अंश सेल्सिअस.

प्रायमरच्या बाबतीत घोटाळा होतो. घराच्या ग्रिलला लावतात तो रेड ऑक्साइड किंवा गाडीच्या पत्र्यावरची पुट्टी इंजिनाच्या उष्णतेत टिकत नाही. वरचा रंग कितीही भारी असला तरी खालचा थर करपला, की दोन्ही निघतात. ॲल्युमिनियमला घट्ट धरणारा एच प्रायमर मिळतो, पण तोही उष्णता सोसणारा हवा. सिलिकॉनचे काही रंग प्रायमरशिवाय थेट धातूवर मारायचे असतात. कॅनवर त्याच कंपनीनं जो प्रायमर सांगितला असेल तोच घ्यावा, सांगितला नसेल तर घेऊ नये.

काळा बरा की चंदेरी, हा वाद जुना आहे. काळा पृष्ठभाग उष्णता जास्त बाहेर टाकतो हे खरं. पण चालत्या गाडीत इंजिन मुख्यतः वाऱ्यानं थंड होतं. त्यामुळे रंग कोणता यापेक्षा थर किती जाड आणि पंखांच्या फटी किती स्वच्छ, याला जास्त महत्त्व आहे. जाड थर पंखांवर गोधडीसारखं काम करतो.

दोन डब्यांचा, हार्डनर मिसळून मारायचा रंग घरी वापरू नये. बऱ्याच हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्यानं दमा जडू शकतो. ते काम योग्य मास्क आणि बूथ असलेल्या पेंटरचं.

दिवस कोणता धरायचा?

इंदूर आणि खानदेशात या कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. हवा कोरडी असते आणि दुपारी तापमान २० ते ३० अंशांच्या आसपास मिळतं. पावसाळ्यात थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग दुधाळ पांढरट दिसतो. मे महिन्याच्या उन्हात उलटं होतं. फवारा इंजिनापर्यंत पोहोचण्याआधीच अर्धा सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. उन्हाळ्यात करायचंच असेल तर सकाळी लवकर आणि सावलीत.

जागा मोकळी हवी, पण वारा नको. गच्चीच्या आडोशाला जमतं. बंद खोलीत नाही. जवळ शेगडी, उदबत्ती, बिडी-सिगारेट काही नको. साधा कापडी मास्क धूळ अडवतो, थिनरची वाफ नाही. त्यासाठी कार्ट्रिजचा मास्क मिळतो, तो घ्यावा. घरात लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल तर त्या दिवशी त्यांना दुसरीकडे पाठवलेलं उत्तम.

आता रंग

इथपर्यंत आलेल्या माणसाचं अवघड काम संपलेलं असतं. शेवटचं एकदा थिनरच्या फडक्यानं पुसून घ्यायचं आणि त्यानंतर उघड्या बोटानं धातूला हात लावायचा नाही. बोटांचं तेलही रंगाखाली डाग सोडतं.

कॅनमधली गोळी वाजायला लागल्यावर पुढं दोन मिनिटं कॅन हलवत राहायचं. आधी पुठ्ठ्यावर मारून फवारा तपासायचा. इंजिनापासून २० ते २५ सेंटिमीटर अंतर ठेवायचं. बटण इंजिनाच्या बाहेर असतानाच दाबायचं, हात एका रेषेत न्यायचा आणि पलीकडे गेल्यावर सोडायचं. आधी पंखांच्या फटी, आतले कोपरे आणि खालची बाजू. बाहेरचा दिसणारा भाग शेवटी. उलट केलं तर कोपरे भरताना बाहेर रंगाचे ओघळ येतात.

पहिला हात अगदी पातळ, धुरळा बसावा तसा. खालचा धातू दिसला तरी चालेल. १० ते १५ मिनिटांनी दुसरा, तेवढ्याच वेळानं तिसरा. तीनवर थांबायचं. एका सिलिंडरच्या इंजिनाला साधारण ४०० मिलीचा एक कॅन पुरतो. पुढचा हात किती वेळात मारायचा हे कॅनवर लिहिलेलं असतं. ती वेळ उलटून अर्धवट सुकलेल्या थरावर पुन्हा मारलं, तर रंगाला सुरकुत्या पडतात. ओघळ आलाच तर लगेच पुसायला जाऊ नये. पूर्ण सुकल्यावर ४०० नंबरच्या पेपरनं घासून तेवढ्या जागी पातळ हात द्यावा.

टेप रंग अर्धवट ओला असतानाच हळू काढावी. पूर्ण सुकल्यावर ओढली तर कडेचा रंगही बरोबर येतो.

भाजल्याशिवाय रंग कच्चाच

रंग हाताला सुका लागला म्हणजे काम झालं, असा समज असतो. उष्णता सोसणारे बहुतेक रंग तापवल्यावरच पक्के होतात. तोपर्यंत पेट्रोलचा एक थेंब पडला तरी डाग पडतो. म्हणून रंगानंतर निदान एक दिवस इंजिनाला हात लावू नये.

त्यानंतर सगळे बोळे मोजून काढायचे, ऑइल तपासायचं, गाडी जोडायची. पहिल्यांदा पाच ते दहा मिनिटं आयडलिंगवर चालवून बंद करायची आणि पूर्ण थंड होऊ द्यायची. दुसऱ्यांदा दहा ते पंधरा मिनिटं. परत पूर्ण थंड. तिसऱ्यांदा वीसएक मिनिटांचा आरामात फेरफटका. एअर-कूल्ड इंजिन उभ्या गाडीत जास्त वेळ चालू ठेवलं तर ते गरजेपेक्षा तापतं, म्हणून समोर टेबल फॅन लावावा. पहिल्या दोन वेळा थोडा धूर आणि वास येतो. हे उघड्यावरच करावं.

सुटे भाग असतील तर भट्टी असलेल्या पावडर कोटिंगवाल्याकडून, कॅनवर दिलेल्या तापमानाला टप्प्याटप्प्यानं भाजून घेता येतात. घरच्या ओव्हनमध्ये इंजिनाचं कव्हर भाजायचे व्हिडिओ सापडतात, पण ज्या ओव्हनमध्ये स्वयंपाक होतो त्यात हे कधीही करू नये.

उरलेल्या कचऱ्याचं काय?

काम झाल्यावर ओट्यावर काळं डिझेल, तेलकट फडकी आणि रिकामा कॅन उरतो. इंदुरात हे नालीत ओतणं शोभणारं नाही आणि चालणारंही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर म्हणून इंदूरची घोषणा झाली, ती सांडपाणी नद्या-नाल्यांत जाऊ न देण्याच्या कामावर. शहरातली कान्ह नदी पुढे क्षिप्रेला मिळते. नालीत ओतलेलं तेल तिथवर जातं.

काळं डिझेल आणि जुनं ऑइल झाकणाच्या डब्यात भरून, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावं. थिनरची फडकी मोकळ्या हवेत वाळवून, तेलकट फडक्यांसह घरगुती घातक कचऱ्यात टाकावीत. इंदुरात कचरागाडीवर त्याचा वेगळा कप्पा असतो. रिकामा स्प्रे कॅन तिथंच. त्याला भोक पाडू नये, जाळू तर मुळीच नये, तो फुटतो. जिथं अशी वेगळी सोय नाही, तिथं निदान ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळं बांधून सफाई कर्मचाऱ्याला सांगून द्यावं.

थोडक्यात वेळापत्रक

- पहिला दिवस : फोटो, गळतीची तपासणी, बोळे, कीटण काढणं, डिझेल आणि लिक्विडनं धुणं.
- दुसरा दिवस : पाण्याची परीक्षा, तापवून तेल काढणं, पॉलिश पेपर, इंजिन नंबर साफ करून झाकणं.
- तिसरा दिवस : मास्किंग, थिनरचा शेवटचा हात, पातळ असे तीन हात रंग.
- चौथा दिवस : विश्रांती.
- पाचवा दिवस : बोळे मोजून काढणं, ऑइल बघणं, तीन टप्प्यांत तापवणं.

गळतीचं काम मिस्त्रीकडे असेल तर ते या पाच दिवसांच्या आधी धरावं. वेळ कमी असेल तर रंग पुढच्या रविवारी ढकलावा, धुणं आटोपतं घेऊ नये. नीट धुतलेलं, पण न रंगवलेलं इंजिन वर्षभर तसंच फिरवलं तरी काही बिघडत नाही. उलट स्वच्छ इंजिनावर नवी गळती लगेच दिसते आणि पंख मोकळे झाल्यानं ते थंडही नीट होतं.